अरण्यांतलें बिऱ्हाड

प्रवासवर्णन आणि बिऱ्हाडवर्णन हे दोन अगदीं भिन्न प्रकार आहेत. परंतु त्यांची गल्लत आपल्याकडे वारंवार होते. प्रवासी परका देश पाहतो. परतीचा दिवस ठरलेला असल्यामुळें वाटेंत भेटलेली प्रत्येक अडचण ही त्याच्या दृष्टीनें घरीं जाऊन सांगण्याजोगी गंमत होते. बिऱ्हाड करणाऱ्याची गोष्ट तशी नाहीं. त्याला अडचणीच्या शेजारीं राहावयाचें असतें. त्यांतून कडेवर तान्हें मूल असेल, तर देश पाहण्यास त्याला सवडच मिळत नाहीं. दूध कोठें मिळेल, थंडी कशी निभेल, ताप आला तर वैद्य किती कोसांवर आहे, एवढाच त्याचा भूगोल. प्रवासी देशाकडे डोळ्यांनीं पाहतो. बिऱ्हाड करणारा तो हातांनीं चाचपतो.

मराठींत पहिला प्रकार विपुल आहे आणि त्यांत उत्तम पुस्तकेंहि आहेत. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडला गेल्या तेव्हां त्यांची लहानगी मनोरमा त्यांच्याबरोबर होती. त्यांचें 'इंग्लंडचा प्रवास' हें पत्ररूप लेखन आणि पुढें १८८९ सालीं प्रसिद्ध झालेलें अमेरिकेवरील पुस्तक हीं आपल्या वाङ्मयाचीं भूषणें होत. परंतु रमाबाई शिकण्यासाठीं व कार्यासाठीं गेल्या होत्या आणि परत आल्या. कायमचें राहावयाच्या निश्चयानें मुलाबाळांसह गेलेल्यांचें वृत्त आपल्या घरोघरीं आज पत्रांतून आणि दूरध्वनीवरून येतें. ग्रंथांतून मात्र तें क्वचित् येतें. आणि जें येतें तें बहुधा एकाच वाक्यांत सामावलेलें असतें: आम्ही सर्व येथें सुखरूप आहोंत. ह्या वाक्यावर वाचकानें किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न केवळ कौटुंबिक नाहीं, तो वाङ्मयीनहि आहे. त्याचा विचार करण्यासाठीं आम्हीं येथें दोन इंग्रज बहिणींचीं दोन जुनीं पुस्तकें निवडलीं आहेत. तीं कॅनडाच्या ज्या भागांत जन्मलीं त्याला तेव्हां अप्पर कॅनडा म्हणत. आज तोच ओंटारिओ प्रांत आहे, आणि तेथें आपल्या ओळखीचीं अनेक मराठी कुटुंबें नांदत आहेत.

ह्या दोन बहिणी इंग्लंडमधील सफोक परगण्यांतल्या स्ट्रिकलंड घराण्यांतल्या. थोरली कॅथरिन, जन्म १८०२. धाकटी सुझॅना, जन्म १८०३. घर मोठें, विद्येची आवड मोठी, पण बापाच्या मृत्यूनंतर पैसा बेताचा. घरांत लेखणीचा व्यवसायच होता असें म्हटलें तरी चालेल. एक बहीण अ‍ॅग्नेस हिनें इंग्लंडच्या राण्यांचीं चरित्रें लिहून पुढें नांव मिळविलें. सुझॅनानें लग्नापूर्वीं मेरी प्रिन्स नांवाच्या, गुलामगिरींतून सुटलेल्या स्त्रीची हकीकत तिच्या तोंडून लिहून घेतली, ती १८३१ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं सुझॅनाचा डनबार मूडी ह्यांच्याशीं विवाह झाला, आणि पुढच्या वर्षीं कॅथरिनचा टॉमस ट्रेल ह्यांच्याशीं. दोघेहि जांवई ऑर्कनी बेटांकडचे, एकमेकांचे मित्र, आणि नेपोलियनशीं झालेलें युद्ध संपल्यावर अर्ध्या वेतनावर बसविलेले सैन्याधिकारी. प्रतिष्ठा आहे, मिळकत नाहीं, आणि मुलें तर होणार. अशा स्थितींतील माणसांना वसाहतींतील जमिनीच्या जाहिराती फार गोड वाटत. १८३२ च्या जुलैंत दोन्ही कुटुंबें आठवड्याच्या अंतरानें स्कॉटलंडच्या दोन निरनिराळ्या बंदरांतून निघालीं. सुझॅनाच्या मांडीवर कांहीं महिन्यांची केटी होती. समुद्राच्या सफरीनंतर त्या किनाऱ्याला लागल्या, तेव्हां तेथें पटकीची सांथ चालू होती. कॅथरिनला माँट्रियलमध्यें पटकी झाली आणि ती थोडक्यांत वांचली.

पुढें दोघीहि आजच्या पीटरबरो गांवाच्या उत्तरेकडील डूरो नांवाच्या अरण्यमय भागांत राहिल्या. त्यांचा भाऊ सॅम्युएल तेथें आधींच स्थायिक झाला होता. कॅथरिन आरंभापासून तेथें. सुझॅना प्रथम कोबर्गजवळच्या साफ केलेल्या शेतावर, आणि १८३४ पासून अरण्यांत. म्हणजे जंगल तेंच, थंडी तीच, गरिबीहि जवळ जवळ तीच. तरी कॅथरिनचें 'द बॅकवुड्स ऑफ कॅनडा' हें १८३६ चें पुस्तक आणि सुझॅनाचें 'रफिंग इट इन द बुश' हें १८५२ चें पुस्तक एकामागून एक वाचणाऱ्यास शंका यावी कीं, ह्या दोघी एकाच देशांत होत्या काय?

टीकाकारांनीं ह्याचें उत्तर सोपें करून ठेविलें आहे. थोरली आनंदी वृत्तीची, धाकटी कुरकुरी; एकीला फुलें दिसलीं, दुसरीला कांटे. हा निर्णय आम्हांस अपुरा वाटतो. स्वभावभेद होता ह्यांत संशय नाहीं, पण पुस्तक हें केवळ स्वभावाचें फळ नसतें. तें कोणासाठीं लिहिलें, केव्हां लिहिलें आणि लिहितांना काय लपविणें भाग होतें, हें पाहिल्याशिवाय त्याचा खरेपणा मापतां येत नाहीं.

कॅथरिनचें पुस्तक पत्ररूप आहे आणि त्यांतील बहुतेक पत्रें आईला उद्देशून आहेत. समुद्रापलीकडे गेलेली मुलगी म्हाताऱ्या आईला काय लिहिते हें आपल्यापैकीं कोणास सांगावयास नको. शिवाय तें प्रसिद्ध झालें उपयुक्त ज्ञानाचा प्रसार करणाऱ्या एका संस्थेच्या ग्रंथमालेंत, आणि त्याचा हेतु पुढें येऊं इच्छिणाऱ्या गृहिणींस माहिती देणें हा होता. तेव्हां अश्रूंना तेथें दोन्ही बाजूंनीं मज्जाव होता. परंतु ह्या मर्यादेंत राहून तिनें जें साधलें तें सामान्य नव्हे. मेपल वृक्षाच्या रसाची साखर कशी करावी, लांकडी ओंडक्यांच्या घराच्या फटी कशा बुजवाव्या, पहिल्या वर्षीं कोणत्या गोष्टींवांचून चालतें आणि कोणत्यांवांचून मुळींच चालत नाहीं, हें ती शांतपणें सांगते. हीच तिची दृष्टि पुढें १८५४ च्या तिच्या गृहिणी-मार्गदर्शक ग्रंथांत अधिक पक्व झाली. संकटकाळीं हात जोडून बसूं नये, उठून कामाला लागावें, हें तिचें सूत्र आहे. आणि तें तिनें केवळ सांगितलें नाहीं, आचरिलें. मुलें झालीं, त्यांतलीं कांहीं गेलीं. नवरा खिन्न स्वभावाचा होता. १८५७ सालीं राहतें घर जळलें. दोनच वर्षांनीं नवराहि वारला. तरी १८९९ पर्यंत, सत्याण्णव वर्षांच्या आयुष्यांत, तिची लेखणी आणि तिचा वनस्पतींचा संग्रह थांबला नाहीं. अशा बाईच्या प्रसन्नतेला भाबडेपणा म्हणणें हा अन्याय होईल.

तिच्या पुस्तकांतील एक स्थळ आम्हांस विशेष लक्षणीय वाटतें. अरण्यांतील पुष्कळ फुलांचीं नांवें तिला सांपडेनात. तेव्हां आपणच त्यांची धर्ममाता होऊन त्यांना नांवें ठेवावीं, असा हक्क ती हंसत हंसत सांगते. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर, तिनें रानफुलांचीं बारशीं केलीं. परक्या मुलखाला आपलेंसें करण्याची ही एक खरी बायकी आणि सुंदर तऱ्हा आहे. ज्याचें नांव घेतां येतें त्याची भीति कमी होते, हें प्रत्येक आईला ठाऊक असतें. पण ह्याच स्थळीं तिच्या दृष्टीची मर्यादाहि उघड होते. तिकडे आम्ही पुढें वळूं.

सुझॅनाचें पुस्तक निराळ्या काळीं आणि निराळ्या वाचकांसाठीं लिहिलें गेलें. तें प्रसिद्ध झालें तेव्हां तिला कॅनडांत येऊन वीस वर्षें झालीं होतीं आणि अरण्य सोडून बारा. नवऱ्याला शेरीफची जागा मिळून कुटुंब १८४० च्या आरंभीं बेलव्हिल गांवीं आलें होतें. म्हणजे आतां धीर देण्यासाठीं लपवावें असें कांहीं उरलें नव्हतें. उलट, ज्यांना जाहिरातींनीं भुलविलें जात होतें अशा आपल्याच वर्गांतील कुटुंबांस सावध करावें, अशी तिची प्रतिज्ञा होती. हात ज्यांचे नाजूक आणि मान ज्यांची ताठ, त्यांनीं ह्या अरण्यांत मुलाबाळांसह येऊं नये, हा तिच्या ग्रंथाचा उघड बोध आहे. गरीब कष्टकऱ्याला ही भूमि लाभते, हेंहि ती तितक्याच स्पष्टपणें सांगते.

पण बोधापेक्षां ग्रंथ मोठा आहे. त्याचें मोठेपण त्यांतील चित्रांत आहे, आणि त्यांतलीं उत्तम चित्रें लेकुरवाळ्या बाईचीं आहेत. पहिलें घर म्हणून जी झोंपडी दाखविली गेली ती तिला जनावरांचा गोठा वाटली, तिला दार सुद्धां नव्हतें. पहिला पाव करपला आणि घरच्या पाहुण्यानें तिची लेखिका म्हणून थट्टा केली. तिला गाईची भीति वाटे. पण नवरा बाहेर गेला होता आणि मुलांना दूध हवें होतें, म्हणून थरथरत तिनें गाय पिळली. त्या भांडंभर दुधाचा तिला आपल्या सर्व लेखनापेक्षां अधिक अभिमान वाटला. शेजारणी उसनें मागावयास येत आणि परत करण्याचा विषय काढीत नसत. त्या प्रकरणांतील विनोद आजहि शिळा झालेला नाहीं. चहा-कॉफी परवडेना तेव्हां तिनें डँडेलियन नांवाच्या रानटी झाडाचीं मुळें भाजून कॉफी केली. मेपलच्या खोडावर वाढणाऱ्या आळंब्यांच्या पांढऱ्या मऊ पृष्ठावर तिनें फुलपांखरें रंगविलीं आणि तीं विकून मुलांसाठीं जोडे आणले. नवरा घरीं नसतां भर थंडींत छपराला आग लागली, तेव्हां तिनें कपाटाचे मोठे खण रिकामे करून त्यांत लहान मुलांस बसविलें, वरून पांघरुणें घातलीं आणि त्यांस बर्फांतून दूर नेलें. संसाराच्या वस्तु कशासाठीं असतात ह्याचें यापेक्षां बोलकें चित्र आम्हीं कोठें वाचल्याचें स्मरत नाहीं. ज्या कपाटांत विलायतेहून आणलेली प्रतिष्ठा घडी करून ठेविली होती, त्याचेच खण शेवटीं पाळणे झाले.

नवऱ्याविषयीं ती आदरानें लिहिते. पण त्याच्या हातून झालेली चूक झांकीत नाहीं. सैन्यांतील हक्काचें अर्धे वेतन विकून त्यानें तो पैसा एका आगबोटीच्या भागांत घातला, आणि तो बुडाला. १८३७ च्या बंडाच्या वेळीं तो सरकारी पथकांत गेला, आणि ती मुलांसह अरण्यांत एकटी राहिली. तेव्हां नवऱ्याला न कळवितां तिनें प्रांताधिपतीस पत्र लिहिलें, आणि त्यांतूनच पुढें कुटुंबाच्या सुटकेचा मार्ग निघाला. माँट्रियलच्या एका मासिकाकडून लेखनाचा मोबदला म्हणून वीस डॉलरांची नोट आली, तेव्हां तिला रडूं आलें. नव्या देशांत संसार कोणाच्या हिंमतीवर उभा राहतो, हें अशा साध्या तपशिलांतून वाचकाला आपोआप कळतें.

आतां दोषांकडे वळूं. सुझॅनाचा मोठा दोष म्हणजे तिचा वर्गाभिमान. आयरिश मजुरांविषयीं आणि पहिल्या शेजाऱ्यांविषयीं ती ज्या तुच्छतेनें लिहिते ती आज वाचवत नाहीं. नोकरांनीं बरोबरीनें जेवावयास बसावें ह्याचा तिला जो धक्का बसतो, तो आपल्या वाचकांतील कित्येकांना अनोळखी वाटणार नाहीं, आणि म्हणूनच त्यानें त्यांनीं अंतर्मुख व्हावें. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'शीं तुलना केली म्हणजे हा दोष नीट दिसतो. लक्ष्मीबाईंनींहि बिऱ्हाडें कमी बदललीं नाहींत, आणि नव्या समाजांत राहावयास शिकणें त्यांनाहि सोपें गेलें नाहीं. परंतु त्यांच्या विनोदाचें पहिलें लक्ष्य बहुधा त्या स्वतःच असतात. सुझॅना स्वतःवरहि हंसते, पण आधीं शेजाऱ्यांवर हंसून घेते.

दुसरा दोष दोघींचा मिळून आहे आणि तो अधिक खोल आहे. ज्याला त्या नवा देश म्हणतात तो कोणाचा तरी जुना देश होता. मिसिसॉगा ह्या मूळ रहिवाशांकडून तो प्रदेश १८१८ च्या करारानें इंग्रज सरकारनें घेतला होता. ह्या बहिणी आल्या तेव्हां त्यास अवघीं चौदा वर्षें झालीं होतीं. दोघीहि ह्या लोकांविषयीं ममतेनें लिहितात. त्यांचें प्रामाणिकपण, त्यांची पाहुणचाराची रीत, मुलांवरील त्यांची माया ह्यांचें वर्णन सुझॅनानें स्वतंत्र प्रकरणांत केलें आहे. पण आपली जमीन त्यांची होती हा विचार एकीच्याहि मनांत फार वेळ टिकत नाहीं. कॅथरिन एके ठिकाणीं असें सुचविते कीं, हा देश इतका व्यवहारी आहे कीं येथें भुतांखेतांनाहि जागा नाहीं. भुतें नव्हतीं असें नव्हे. त्यांच्या कथा सांगणाऱ्यांची भाषा तिला येत नव्हती. ज्या फुलांचीं तिनें बारशीं केलीं, त्यांतील पुष्कळांना त्या भाषेंत नांवें होतींच. परदेशीं बिऱ्हाड करणारा कितीहि सज्जन असला तरी ही गोष्ट त्यानें विसरूं नये, आणि टीकाकारानें तर मुळींच विसरूं नये.

अलीकडच्या काळांत मार्गारेट अ‍ॅटवुड ह्या कॅनडाच्या विख्यात लेखिकेनें १९७० सालीं सुझॅनाला नायिका करून एक काव्यसंग्रह लिहिला, आणि तेव्हांपासून सुझॅनाकडे दुभंगलेल्या मनाची स्त्री म्हणून पाहण्याची रीत पडली. तोंडानें देशाची स्तुति करावी आणि मनांतून त्याला भ्यावें, असें तें मन. ह्या वाचनांत तथ्य आहे. तथापि दुभंग हा शब्द आम्हांस थोडा कठोर वाटतो. दोन देशांत जिचीं माणसें विभागलीं आहेत तिचें मन एकसंध कसें राहावें? आई-बहिणी एका किनाऱ्यावर आणि मुलें दुसऱ्या किनाऱ्यावर, ही स्थिति आजाराची नव्हे. ती स्थलांतराची आहे.

आणि येथेंच आम्हांस ह्या ग्रंथाचें मर्म सांपडतें. ज्या अरण्याला तिनें इतक्या शिव्या दिल्या, तें सोडण्याची वेळ आली तेव्हां सुझॅनाचा पाय निघेना. शेवटच्या प्रकरणांत ती त्या घराचा, झाडांचा आणि निरोप देण्यास आलेल्या मूळ रहिवासी स्नेह्यांचा निरोप जड अंतःकरणानें घेते. ह्या विसंगतीबद्दल तिला दोष देणारे एक गोष्ट विसरतात. तेथें तिचीं मुलें जन्मलीं होतीं. एकटी केटी विलायतेची. बाकीचीं सगळीं ह्याच मातींतलीं. पुढें बेलव्हिलला १८४४ सालीं तिचा लहानगा जॉन मोयरा नदींत बुडाला. तिचें पुस्तक ह्या मृत्यूनंतरचें आहे, हें ध्यानांत ठेवून तें वाचावें. सरकारी कागदावर जमीन पहिल्या दिवशीं आपली होते; मनानें ती आपली होते तेव्हां तिच्यांत आपल्या घरचें कांहीं जन्मलेलें आणि कांहीं पुरलेलें असतें. कॅथरिननें पहिल्या चार वर्षांत पुस्तक लिहिलें म्हणून हें तिला सांगतां आलें नाहीं. सुझॅनाला तें सांगतां आलें, कारण ती वीस वर्षें थांबली.

दोघींच्या पुस्तकांचा खरा समेट त्यांच्या पुढच्या पिढीनें केला. १८६८ सालीं 'कॅनेडियन वाइल्ड फ्लॉवर्स' हा ग्रंथ निघाला. त्यांतील मजकूर कॅथरिनचा. शिळाछापाचीं, हातानें रंगविलेलीं चित्रें अ‍ॅग्नेसचीं. ही अ‍ॅग्नेस म्हणजे सुझॅनाची, कॅनडांत जन्मलेली कन्या. जी मुलगी त्या तक्रारींत वाढली तिनेंच मावशीनें ओळख करून दिलेलीं फुलें काढलीं. तिला तो देश नवा नव्हताच. आणि १८७१ सालीं सुझॅनानें आपल्या पुस्तकाच्या पहिल्या कॅनेडियन आवृत्तीस नवी प्रस्तावना जोडली, तींत देशाची भरभराट कौतुकानें वर्णिली. मूळची तक्रार मात्र तिनें मागें घेतली नाहीं. तिनें दोन्ही ठेविलें, ह्याबद्दल आम्ही तिचे आभारी आहोंत.

तेव्हां आमचा निर्णय असा. उपयोगाच्या दृष्टीनें कॅथरिन श्रेष्ठ. तिच्या पुस्तकानें किती तरी चुली पेटल्या असतील. परंतु वाङ्मय म्हणून आम्ही सुझॅनाचा ग्रंथ वरचा मानतों, आणि तो तिच्या दोषांसह मानतों. तिचा अहंकार, तिची भीति, तिची लाज, हें सर्व त्यांत उघडें आहे. म्हणून तिचें शेवटचें प्रेम आपल्याला पटतें. केवळ सुखरूप असल्याचें कळविणाऱ्या पुस्तकावर वाचक संतुष्ट होतो, पण त्याला त्या देशाची माहिती होत नाहीं आणि त्या माणसाचीहि होत नाहीं.

आपल्याकडे परदेशीं गेलेल्या मुला-मुलींच्या यशाचें कौतुक घरोघरीं होतें, आणि तें व्हावेंच. पण त्या कौतुकाचाच त्यांच्या लेखणीवर दाब पडतो, हें आपण वाचकांनीं ओळखलें पाहिजे. पहिल्या हिंवाळ्यांत रात्रभर रडणारें बाळ, आजीविना झालेलें बाळंतपण, घरीं मराठी बोलणारें मूल शाळेंतून एके दिवशीं दुसरीच भाषा बोलत आलें तेव्हां वाटलेला आनंद आणि त्यांत मिसळलेलें दुःख, ह्या गोष्टी लिहिणाऱ्यास आपण तक्रारखोर ठरविलें तर त्या कधींच लिहिल्या जाणार नाहींत. सुझॅनाच्या पुस्तकानें विलायतेंतील तिची बहीण अ‍ॅग्नेस इतकी नाराज झाली कीं, तिला केलेली अर्पणपत्रिका पुढच्या आवृत्त्यांतून काढावी लागली. घरच्यांच्या ह्या नाराजीची किंमत देऊनच तो ग्रंथ खरा राहिला. आपल्यांतील कोणी अशी मराठी सुझॅना उद्यां टोरांटोहून लिहूं लागली, तर तिला अशी किंमत द्यावी न लागो, एवढी व्यवस्था आपण वाचकांनीं करावी, अशी आमची विनंति आहे.